तिसरा हिस्सा वजा

वाळूत आडवा पडलेला पिवळा बोया, त्याच्या पोटाला चिकटलेले शिंपले आणि त्याला अंग घासत उभी असलेली एक शेळी. एवढाच तो फोटो होता. मी नारायण पेठेत अनंतच्या गिरणीत उभी होते, भाजणी नुकतीच चक्कीच्या तोंडात पडली होती आणि फोन हातातल्या हातात थरथरला. गिरणीत उभं असताना फोन थरथरलेला कळतही नाही, कारण जमीन, कट्टा, तराजू, आपले दात, सगळंच थरथरत असतं. पण हा कळला. फोटोखाली श्रीनिवासने लिहिलं होतं, 'हा आपला बोया. कोणाच्या तरी जाळ्यात अडकून, साखळी तुटून आलाय. पलीकडच्या खाडीत दहा-बारा दिवस पडून आहे म्हणतात. मग ॲपवर आपण रोज बघतोय ते काय आहे?' श्रीनिवास म्हणजे मालवणच्या पलीकडे ज्याची लाटांवर फळी चालवायला शिकवायची शाळा आहे तो, आणि माझी मुलगी स्पृहा त्याच्याकडे शिकवते. हा प्रश्न त्याने चाळीसएक फळीवाल्यांच्या गटात टाकला होता, आणि तो कोणासाठी होता हे गटात सगळ्यांना माहीत होतं. समुद्रात गुडघ्याच्या वर कधी न गेलेली मी त्या गटातली एकटी बाई, आणि आकड्यांचं काही अडलं की सगळे मलाच विचारतात. मी फोटो मोठा करून बघितला. शेळीचा एक कान फाटका होता.

आधी बोया म्हणजे काय ते सांगते, कारण गिरणीत त्या दिवशी अनंतलाही सांगावं लागलं. किनाऱ्यापासून बराच आत, खोल पाण्यात, साखळीने बांधलेला एक गोळा. लाटेबरोबर वर जातो, खाली येतो, आणि किती वर गेला, दोन लाटांत किती वेळ गेला हे आकाशात पाठवतो. ते आपल्या फोनवर येतं. बाकीच्यांसाठी तो फळी काढायची की झोपायचं एवढं ठरवायचा आकडा. माझ्यासाठी तो गेली तीन-चार वर्षं मुलीची खुशाली होता. इंटिरियरचं शिकून कोथरूडच्या एका ऑफिसात चांगली बसलेली मुलगी एका सुट्टीत तिकडे जाते काय, फळीवर उभी राहते काय, आणि परत येऊन आम्हाला म्हणते काय की मी आता तिकडेच राहणार. मी म्हटलं, 'अगं, लाटेवर उभं राहणं हा काय व्यवसाय झाला? उभं राहायचंच असेल तर बँकेत उभी राहा.' ती हसली नाही. बॅग भरली आणि गेली. त्यानंतरचे सुरुवातीचे महिने मला आठवले तरी आजही जेवण जात नाही. मला पोहता येत नाही. मला समुद्राची भीती वाटते, सरळ सांगते. दिवसभर स्वयंपाकघरात उभी असताना डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, पाणी, आणि पाण्यावर रिकामी फळी. फोन केला की म्हणायची, 'आई, तू रोज हेच विचारतेस.' मग कुठेतरी वाचून मला तो बोया सापडला, आणि भीतीला एकदाचा आकडा मिळाला. आकडा मिळाला की मी बरी असते.

त्याला कारण माझी नोकरी. हवामान खात्याच्या प्रयोगशाळेत मी जन्मभर यंत्रं तपासली. थर्मामीटर, बॅरोमीटर, पावसाची मापं, सगळी आमच्याकडे यायची आणि आमच्याकडून तपासून देशभर जायची. प्रत्येक यंत्राच्या गळ्यात आम्ही दोऱ्याने एक कार्ड बांधायचो. हा अमुक इतकं जास्त सांगतो, तेवढं वजा करा. हा थंडीत कमी सांगतो, तेवढं मिळवा. खरं बोलणारं यंत्र मी आयुष्यात बघितलं नाही; पण किती खोटं बोलतं ते एकदा कळलं की कोणावरही विसंबता येतं. मी निवृत्त झाले तेव्हा पोरांनी माझ्याच गळ्यात कार्ड बांधलं होतं, 'मंदाकिनीबाई : राग नेहमी दुप्पट दाखवतात, निम्मा धरावा.' सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर यज्ञेश्वरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते वाचलं आणि म्हणाला, 'हे मला लग्नानंतर लगेच मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.'

तर बोयाचंही मी कार्ड केलं. सकाळी चहा ठेवला की ॲपवरचा आकडा बघायचा आणि स्पृहाला पाठवायचा, 'बोया एक पूर्णांक दोन मीटर म्हणतोय. तुझ्याकडे किती?' ती किनाऱ्यावर जाऊन डोळ्यांनी बघायची आणि लिहायची, 'कमरेच्या थोडं वर. शून्य पूर्णांक आठ धर.' तिच्या किनाऱ्याआड एक डोंगराचं नाक समुद्रात गेलंय, त्यामुळे बाहेरची लाट तिच्यापर्यंत येताना तिसरा हिस्सा गमावते. हे मी एक हंगाम रोज ताडून काढलं. मग मीच गटात आकडा टाकायला लागले : बोया इतका, तिसरा हिस्सा वजा, किनाऱ्यावर इतका. स्पृहाला तोच पाठवून विचारायचे, 'बरोबर ना?' फळीवाले अंगठे दाखवायचे. 'काकू, तुम्ही पुण्यात बसून समुद्र बघता!' मला सुख व्हायचं, खोटं कशाला बोलू. मुलीशी भांडण न होता रोज दोन वाक्यं व्हायची आणि त्यातून ती आज पाण्यात कमरेएवढी आहे की डोक्याएवढी, हे मला चहा उकळायच्या आत कळायचं. तिला बरं वाटतंय का, कोणी आवडलंय का, परत यावंसं वाटतं का, हे मी कधी विचारलं नाही. ते विचारलं की भांडण व्हायचं.

'काकू, पिशवी धरता का मी धरू?' अनंत ओरडला. गिरणीत ओरडावंच लागतं. मी म्हटलं, 'थांबव जरा, मला फोन करायचाय.' तो म्हणाला, 'भाजणी अर्धी आत आहे. मागे गव्हाचे तीन डबे आहेत. फोनवाल्याला सांगा थांबायला, पीठ थांबत नाही.' आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने स्वतःच पिशवी धरली, ही त्याची माया. 'झालं काय?' 'एक बोया तुटलाय समुद्रात,' मी ओरडले. 'तुमचा होता?' त्याने विचारलं. मग मी त्याला आवाजावर आवाज चढवून बोया म्हणजे काय ते सांगितलं, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की दहा-बारा दिवस मी रोज सकाळी एका शेळीला अंग घासायला दिलेल्या गोळ्याचा आकडा घेऊन तिसरा हिस्सा वजा करत होते.

मी ॲप उघडलं. आकड्याच्या शेजारी एक ठिपका असतो. हिरवा असला की बोया स्वतः बोलतोय. राखाडी असला की बोया गप्प आहे, आणि ॲपने आपलं गणित करून आकडा भरलाय. ठिपका राखाडी होता. तो राखाडी मी पहिल्यांदा बघत नव्हते. डोळ्यांना त्रास होतो म्हणून यज्ञेश्वरने फोनचे सगळे रंग मवाळ करून ठेवले होते, त्यामुळे गेले काही दिवस मला सगळंच जरा मळकट दिसत होतं, आणि ठिपका मळकट झालाय तो फोनमुळे असं मी धरून चालले. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने असं धरलं असतं तर मी त्याला दिवसभर सोललं असतं. आणि एवढ्यावर भागत नव्हतं. ॲप गणिताने जो आकडा भरतं तो किनाऱ्याचा असतो. त्यातून तो तिसरा हिस्सा आधीच गेलेला असतो. मी गेलेल्यातून परत घालवत होते. दुरुस्ती केलेल्या आकड्याला पुन्हा दुरुस्ती, आमच्याकडे नवीन लागलेलं पोर पहिल्या आठवड्यात हमखास करायचं ती चूक. आणि वर हे मेचे दिवस. वारा नाही, आभाळ निळं, किनारा गुळगुळीत, आणि कुठल्यातरी दूरच्या दक्षिणेतल्या वादळाची लाट हळूच चालत येते आणि उभी राहते. मला घाम फुटला. गिरणीत तसाही घाम फुटतोच.

पण खरी घाबरले मी त्यानंतर. मी स्पृहाचे निरोप वर सरकवत गेले. काल, 'एकदम बरोबर, आई.' परवा, 'बरोबर.' त्याच्या आदल्या दिवशी, 'हो, तेवढंच आहे.' आठवडाभर मी खुशीत होते. चार वर्षांत आमचं इतकं कधी जुळलं नव्हतं. एरवी ती थोडं वर सांगायची, थोडं खाली सांगायची, 'आज भरतीमुळे जास्त आहे, आई,' असलं काहीतरी असायचंच. यज्ञेश्वरलाही मी सांगितलं होतं, 'बघ, माझं कार्ड किती पक्कं बसलंय.' तो तेव्हा पेपरात डोकं घालून बसला होता. आमचे जुने साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे : शेजारशेजारची दोन यंत्रं थोडी भांडली पाहिजेत, फार जुळायला लागली की समजा, वाचणारा एकच बघतोय आणि दुसरा त्याचं बघून लिहितोय. हे मी शंभर जणांना शिकवलं असेल. माझा आकडा चुकलेला असताना, चांगलाच चुकलेला असताना, समुद्रासमोर उभी असलेली मुलगी 'एकदम बरोबर' म्हणूच शकत नाही. म्हणजे ती समुद्रासमोर उभीच नव्हती. मग कुठे होती?

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. 'उचल ना गं,' मी मोठ्याने म्हटलं, आणि गव्हाच्या डब्यावाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मी एक गोष्ट केली. प्रयोगशाळेत एखाद्यावर संशय आला की आम्ही करायचो तीच, मुद्दाम खोटं वाचन समोर ठेवून बघायची. मी लिहिलं, 'सकाळी चुकले गं मी. आज शून्य पूर्णांक पाच आहे. बरोबर ना?' फोन न उचलणाऱ्या मुलीचं उत्तर लगेच आलं. 'हो आई, मलाही तेवढंच वाटलं.' शेजारी एक हसरं तोंड. ते हसरं तोंड बघून मला तिथेच, त्या पिठाच्या धुरळ्यात, रडू आलं. पोटच्या पोरीला मी चोरासारखं पकडलं होतं आणि पकडून हातात काय आलं, तर ती जिवंत आहे, खोटं बोलते आहे, आणि मला बरं वाटावं म्हणून बोलते आहे. अनंतने पिशवी बांधून डब्यात घातली. 'गरम आहे, झाकण लावू नका,' तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, म्हणजे गिरणीतल्या खालच्या आवाजात, 'काकू, रिक्षा बघू का?' मी मानेनेच नको म्हटलं. घर दोन गल्ल्यांवर होतं.

डबा छातीशी धरून मी निघाले. मेची दुपार व्हायला आली होती आणि डबा अंगाला भाजत होता. भाजणीचा वास नाकात, धण्याजिऱ्याचा. स्पृहाला थालीपीठ तव्यावरून उतरायच्या आत लागायचं, बोटं भाजून घ्यायची आणि फुंकर मारत खायची. लहानपणी तिला मी पेठेतल्या टाकीवर पोहायला घातलं ते माझ्या भीतीपायीच, मला येत नाही तर हिला तरी येऊ दे. काठावर बसून मी घड्याळ लावायचे, ती पाण्याखाली किती वेळ जाते त्याचं. वर आली की पाणी थुंकत आधी विचारायची, 'किती?' मी सांगायचे. मी सांगेन तो आकडा तिला खरा. एकदा मी घड्याळ दाबायला विसरले आणि असंच काहीतरी सांगून टाकलं, आणि ती तो आकडा महिनाभर मैत्रिणींना सांगत होती. रस्त्यात एक दुचाकीवाला 'आजी, बाजूला' म्हणाला. एरवी त्याला मी आजी म्हणजे काय ते समजावलं असतं. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर डबा ठेवला आणि श्रीनिवासला फोन लावला.

'काकू, फोटो बघितलात?' तो म्हणाला. 'बोयाचं नंतर. स्पृहा कुठे आहे?' मागे कोंबडा आरवत होता. 'आहे ना इथेच. खोलीवर.' 'पाण्यात का नाही?' 'काकू, तिने सांगू नका म्हटलंय.' 'मग सांगू नकोस. मी विचारते, तू फक्त हो म्हण. तिला लागलंय?' 'खांदा निखळला होता. तालुक्याला नेऊन बसवून आणलाय, घाबरू नका. बरी आहे. आठवडा होऊन गेला.' मी पायरीवर बसले. तो मग बोलत सुटला, बहुतेक त्यालाही हे कोणालातरी सांगायचंच होतं. सकाळी मुलं यायच्या आधी ती एकटीच गेली. वरून बघितलं तर समुद्र शांत, मोठी लाट दिसतच नव्हती, ती मधेच कधीतरी तीन-चारच्या घोळक्याने यायची. हिला वाटलं लहान आहे, आत गेली, आणि घोळका आला. फळी हातातून गेली, हात तिच्याबरोबर गेला, दोन लाटा ती खालीच होती. श्रीनिवासने काढली. 'तुमच्या आकड्याचं काही नाही हं काकू,' तो घाईघाईने म्हणाला, आणि त्याबरोबर मला कळलं की सगळं त्या आकड्याचंच आहे.

'त्या दिवशी बाकीचे कोणी गेले नाहीत?' मी विचारलं. 'नाही.' 'का? मी तर लहान सांगितलं होतं.' 'काकू, राग मानू नका. आम्ही सगळेच तुमच्या आकड्यात थोडं वाढवून धरतो. पहिल्यापासून. तुम्ही पुण्यात, समुद्र इथे, म्हणून हातचं ठेवतो जरा.' हसायचा प्रयत्न केला त्याने. 'स्पृहा नाही धरत. आम्ही तिला चिडवायचो तर म्हणायची, आईचा आकडा आहे, त्यात काय वाढवायचं.'

मी त्याला थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, डबा उचलला आणि घरी गेले. मला काय वाटत होतं ते मला नीट सांगता येत नाही. चाळीस माणसांनी माझ्या गळ्यात कार्ड बांधलं होतं आणि मला पत्ता नव्हता, याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. उलट त्या चाळीस जणांवर माझा जीव बसला, शहाणी पोरं, हातचं ठेवणारी. राग आला तो तिचा. एवढं कार्डाच्या घरात वाढलीस, यंत्रावर विश्वास ठेवू नये हे तुला बाराखडीआधी शिकवलं, आणि माझ्यावर कशाला ठेवलास गं? जिना चढताना मी हे मोठ्याने म्हणाले असणार, कारण खालच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी दार किलकिलं केलं आणि लावून घेतलं.

यज्ञेश्वर स्वयंपाकघरात पाटावर बसून साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होता. मी डबा ओट्यावर ठेवला. 'स्पृहाचा खांदा निखळलाय,' मी म्हटलं. त्याचा हात थांबला, पण त्याने वर बघितलं नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं पुरतं. 'तुला माहीत होतं.' 'हो.' 'कधीपासून?' 'ज्या दिवशी झालं त्या दिवशी संध्याकाळी. मी फोन केला होता, कशी आहेस विचारायला, तर रडायला लागली.' 'आणि मला सांगावंसं वाटलं नाही?' 'तिने शपथ घातली.' 'तू शपथा कधीपासून पाळायला लागलास? सिगरेटच्या किती पाळल्यास?' त्याने कीस बाजूला सारला. 'मंदा, ती म्हणाली, आईला कळलं तर ती परत कधी आकडा सांगणार नाही. मग आमच्यात बोलायला काय राहील?' मी उभी होते. फ्रीज घरघरत होता. कैरीच्या आंबट वासाने तोंडाला पाणी सुटत होतं, अशा वेळीसुद्धा सुटतं. तो म्हणाला, 'तू बस. पाणी पी.' मी म्हटलं, 'तुझा फोन दे. माझा ती उचलत नाही.'

त्याच्या फोनवर पहिल्या घंटीला उचलला. 'बोला बाबा.' आवाज इतका बारीक की मला तिचा टाकीवरचा आवाज आठवला. 'मी आहे,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'आई, ते शून्य पूर्णांक पाच...' 'ते मी मुद्दाम लिहिलं होतं.' 'कळलं मला, पाठवून झाल्यावर. पण तोपर्यंत गेलं होतं.' आणि आम्ही दोघी जराशा हसलो, नाइलाजाने. मी विचारलं, 'दुखतंय?' 'थोडं.' तिचं थोडं म्हणजे किती, हे एरवी मी लगेच विचारलं असतं. यज्ञेश्वर दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, हातात अर्धी किसलेली कैरी.

'स्पृहा, चूक माझी आहे,' मी म्हटलं. हे वाक्य मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. 'बोया बंद होता. ठिपका राखाडी होता, तो मला दिसला आणि मी फोनवर ढकलला. आणि किनाऱ्याच्या आकड्यातून पुन्हा तिसरा हिस्सा काढला मी. तू लहान समजून गेलीस ते माझ्यामुळे.' ती म्हणाली, 'मला माहितीये, आई.' 'काय माहितीये?' 'ठिपका मी पण बघितला होता. त्या दिवशी सकाळी, जायच्या आधी.' 'बघितलास? मग गेलीस कशी?' 'मला वाटलं, तू बघितलाच असशील. बघून, विचार करूनच सांगितलं असशील. तू काय असंतसं सांगतेस का?' हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. टाकीच्या काठावरची ती, ओले केस, नाकातोंडात पाणी, 'किती?' आणि मी न दाबलेल्या घड्याळाकडे बघून आकडा सांगते आहे. 'अगं बाळा,' मी म्हटलं. यज्ञेश्वर आत निघून गेला. तो असल्या वेळी आत जातो.

ती मग हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी इतकं सलग ती वर्षानुवर्षं बोलली नसेल. खांदा बरा होईल म्हणतात. पण ती किनाऱ्याकडे गेलीच नव्हती त्या दिवसापासून. समुद्र दिसतो ती पुढची खोली सोडून मागची घेतली होती, विहिरीकडची. आवाज येऊ नये म्हणून पंखा मोठा करून झोपायची. सकाळी माझा आकडा आला की तिथूनच 'बरोबर' लिहून पाठवायचं, आणि मी खूश झाले की तिलाही बरं वाटायचं. 'मला भीती वाटते, आई,' ती म्हणाली. 'इकडे कोणाला सांगता येत नाही. मीच मुलांना शिकवते ना, घाबरायचं नाही म्हणून.' मी म्हटलं, 'मला रोज वाटते.' 'तुला? तू तर आकडे...' 'म्हणूनच आकडे.' मी ओट्यावरच्या डब्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'येऊ का मी? स्वारगेटहून सकाळची गाडी आहे. भाजणी ताजी आहे.' हेही मी कधी विचारलं नव्हतं. मी जाते किंवा जात नाही, विचारत नाही. 'ये,' ती म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी सवयीने, 'आज किती आहे गं? खरंखुरं?'

माझा फोन ओट्यावर होता, ॲप एका बोटावर होतं, राखाडी ठिपका, शेजारी आकडा, आणि डोक्यात गणित तयार होतं, वजा न करता, भरती धरून. सांगता आलं असतं, आणि या वेळी बहुतेक बरोबर निघालं असतं. 'मला माहीत नाही,' मी म्हटलं.

पंख्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग चपला, दाराची कडी, पुन्हा चपला, आणि पायांखाली सुकी पानं. वारा फोनमध्ये शिरला, मधेच एक कुत्रं, श्रीनिवासचं 'अगं, अगं, कुठे?' लांबून, आणि मग पायांचा आवाज बंद झाला, कारण वाळू लागली असणार. आणि मग ते आलं. आधी काहीच नाही, मग खूप लांबून उचलल्यासारखं, मग ते कोसळणं, आणि दगडगोट्यांवरून मागे सरकत जाणारं पाणी. मी मोजायला लागले. न ठरवता, ओठांनी, दोन लाटांतलं अंतर. सहापर्यंत आले आणि तेवढ्यात तिचा श्वास ऐकू आला, अगदी फोनजवळ, थरथरता, पण थांबलेला नाही, आणि माझं मोजणं राहून गेलं. ओट्यावर डब्यातली भाजणी अजून गरम होती. माझा हात तिच्यावर होता हे मला तेव्हा कळलं. पुढची लाट फुटली. ही मोठी होती.

'आई, आहेस ना?' तिने विचारलं.

'आहे,' मी म्हटलं.